पाहुणे येणार म्हणून मी भिंत पांढरी केली

त्या शनिवारी भिंतीपाशी आम्ही चौघी होतो. मी, माझी धाकटी जाव, माझी सून, आणि मागच्या आळीतली माझी किरिस्तांव मैत्रीण, जी माझा चहा उकळला की बरोबर येते. पाचवी म्हणाल तर डोंबिवलीची ती पोर, जिचं भिंतीवर काम चाललेलं. पण ती चार वाजता आली, तोवर आमचं आटपलेलं. पुरुष कोणी नव्हता. असता तरी त्याने कुंचला हातात घेतला नसता. रविवारी अजून माणसं आली, त्यांचं पुढे सांगते.

आधी भिंत कुठली ते सांगते. बाळकुमला आमचं जुनं घर आहे. चारी बाजूंनी टॉवर झाले, मध्ये आमचं गावठाण राहिलंय, ताटात लोणचं असतं तसं, एका कडेला. घराची डावी भिंत रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. स्टॉपवर उतरलेला माणूस पहिला तिच्याकडेच बघतो. म्हणून मी लग्न होऊन आली तेव्हापासून दर निवडणुकीला ती भिंत पहिली जायची. ग्रामपंचायत होती तेव्हा बादली, कपबशी, छत्री. मग आम्ही ठाण्यात गेलो. म्हणजे राहिलो इथेच, पण महानगरपालिका आली आणि भिंतीवरची अक्षरं मोठी झाली.

आम्हाला कोण विचारायचं नाय. दोन पेंटर यायचे. एक पत्र्याने जुना रंग खरवडायचा. दुसरा चुना मारायचा. चुना सुकला की निळीत भिजवलेल्या दोरीने रेघा आखायच्या आणि मग निशाणी काढायची. खरवडायचं, चुना, मग चित्र. इतक्या वेळा बघितलंय की झोपेत विचारलं तरी सांगीन. पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला.

निवडणुकीच्या मधल्या वर्षांत भिंतीवर पाणी यायचं. मी नवी होती तेव्हा खाडीचं पाणी उधाणाला पायरीपर्यंत यायचं, पायरीला पाय लावून परत जायचं. जाताना अंगणात निवट्या सोडून जायचं, त्या चिखलातल्या उड्या मारणाऱ्या मासोळ्या. पोरं त्या पकडायची. तेव्हा खाडीकाठच्या खाजणात भात होता, पलीकडे मीठागर होतं, बांधाला उघाडी होती, पाणी आत-बाहेर सोडायचं दार. पाण्याला पसरायला जागा होती. मग मीठागर बंद झालं, खाजणात भराव पडला, तिवरं कापली, त्यावर इमारती झाल्या. पाणी तेवढंच, उलट जास्तीच, जागा कमी. मग ते आमच्याकडे यायला लागलं.

मोठ्या पुराच्या साली पाणी माझ्या छातीपर्यंत आलं. सासूला मी पाठीवर घेऊन माळ्यावर चढवलं. माळ्यावर आम्ही पाच माणसं आणि एक कोंबडी, दोन दिवस. खायला डबाभर पोहे, ते पण कोरडे. खाली वर्षाचे तांदूळ पिंपात भिजून फुगत होते, त्याचा वास वर येत होता. दुसऱ्या दिवशी कोंबडीने अंडं दिलं. पाच माणसं आणि एक अंडं. सासू बोलली, "तिचं तिलाच ठेवा, निदान एकीचं तरी पोट भरलेलं दिसतंय." अशा वेळी आम्ही हसलो होतो, मला चांगलं आठवतंय.

पाणी गेलं तेव्हा घोट्याएवढा चिखल होता, आणि भिंतीवर छातीच्या उंचीला मातीची रेघ. नवऱ्याची कंपनी त्याच्या आधीच बंद पडलेली. त्या चिखलात तो आजारी पडला आणि थंडीत गेला. मी टोपली डोक्यावर घेतली आणि वर्तकनगरला घरोघर मासे विकायला लागली. तिथल्या बायका भाव करायच्या, पण पाणी प्यायला द्यायच्या. दोन पोरं वाढवली, सासूला शेवटपर्यंत बघितलं. रडायला वेळ मिळाला असता तर रडली असती. पण घरातलं पाणी बादलीने काढावं लागतं, आणि दोन्ही हात त्यातच असतात.

तर ती पोर. पावसाळ्याला दोन-तीन महिने होते तेव्हा आली. पाठीला मोठी बॅग, केस पोरासारखे कापलेले. भिंतीचे फोटो काढत होती. मला वाटलं पालिकेची आहे, घर मोजायला आली.

"आजी, ही भिंत मला द्याल?"

"घेऊन कुठे जाणार गो? डोंबिवलीला?"

"न्यायची नाय. इथेच काम करायचंय. मी आर्ट कॉलेजला आहे, शेवटच्या वर्षाला."

मी तिला ओट्यावर बसवलं. तिने सांगितलं ते मला कळलं तेवढं असं. आताचं आर्ट म्हणजे कागदावर डोंगर आणि सूर्य नाय. सरकारं बदलतात, पाणी वाढतं, ऊन वाढतं, त्याच्यावर कलाकार लोक काहीतरी करतात. कोण खाडीतलं प्लास्टिक गोळा करून त्याचं जाळं विणतं. कोण निवडणुकीचे जुने बॅनर शिवून तंबू करतं आणि त्यात लोकांना बसवतं.

जाव बोलली, "तंबू तर आम्ही पण करतो. पावसाळ्यात शेळीवर कोणाचा ना कोणाचा फोटो असतोच."

"मग तुम्ही पण आर्टिस्टच की काकी!"

"मला नको सांगू. शेळीला सांग, ती खाते त्यांना."

तेव्हापासून ती आमची झाली.

तिच्याकडे डॉक्टरकडे असते तशी बारीक सुरी होती आणि मऊ ब्रश. भिंतीचा एकेक पापुद्रा काढायची. पायऱ्या करतात तसं. सगळ्यात वरचा रंग वीतभर ठेवायचा, त्याच्या बाजूला त्याच्या खालचा वीतभर, मग त्याच्या खालचा. असं करत करत ती माझ्या लग्नाच्या सालापर्यंत पोचली. बादली सापडली. छत्रीची अर्धी दांडी सापडली. आणि दोन रंगांच्या मध्ये कुठे कुठे मातीचा पट्टा. कपबशीच्या वर चिखल, चिखलावर चुना, चुन्यावर परत नवीन निशाणी.

आमच्याकडचा एक माणूस आहे, पूर्वी नगरसेवक होता, आता परत व्हायचंय. त्याचं नाव त्या भिंतीत तीन थरांत निघालं. तीन वेगळे रंग, तीन वेगळ्या निशाण्या.

पोर बोलली, "आजी, हा तर तोच!"

"तोच गो. पार्टी बदलतो. मिशी पण बदलली, ती भिंतीवर नाय दिसत."

पाण्याच्या रेघा मात्र खालून वर सरकत गेलेल्या. जुन्या थरांत पायरीच्या उंचीला, मग गुडघा, मग छाती. छातीच्या नंतर परत खाली, पण दर दोन वर्षांनी एक, मग दर वर्षाला एक. शेवटच्या दोन रेघा तर पाऊस नसताना आलेल्या पाण्याच्या आहेत, अवसेच्या भरतीच्या. मी सांगायची, ती वहीत लिहायची. दुपारी आमच्यातच जेवायची. पहिल्या आठवड्यात मासे बघून नाक दाबायची, तिच्या घरी खात नाय. तिसऱ्या आठवड्यात विचारते कशी, "आजी, आज चिंबोरी नाय का?"

एकदा जेवता जेवता बोलली. तिच्या वडिलांचं डोंबिवलीला झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांनी सांगून ठेवलेलं, हे वर्ष पास झालीस तर तुझं तू बघ, पुढे शीक. नाय झालीस तर दुसरं वर्ष मिळणार नाय, दुकानात बसायचं. आणि पास-नापास सगळं या भिंतीवर होतं. दुसरं काम तिने केलंच नव्हतं.

"वडील वाईट नायत, आजी. त्यांना कळतच नाय मी करते काय."

"मला तरी कुठे कळतंय," मी बोलली. "पण हात चांगला आहे तुझा."

शुक्रवारी संध्याकाळी तिने ब्रश धुतला आणि बोलली, "आजी, झालं! रविवारी सकाळी सर येणार बघायला. बाहेरच्या कॉलेजचे अजून दोघं. उद्या चार वाजता येऊन जाते." आणि मला मिठी मारून गेली.

आता माझं डोकं बघा कसं चाललं. मी भिंतीकडे बघितलं. खरवडून झालेली. ठिकठिकाणी पापुद्रे, जशी नायटा झालेली कातडी. रविवारी कॉलेजचे तीन सर येणार. ही शनिवारी चार वाजता येणार, चुना कधी मारणार, तो सुकणार कधी आणि चित्र काढणार कधी? दोन महिने एकटी खरवडत होती, मदतीला दुसरा पेंटर नाय. आणि आमच्या घरात पाहुणे यायचे म्हणजे आदल्या दिवशी भिंतीला चुना लागतोच. सासूने लावून दिलेली सवय आहे. जावई येवो नाय तर पोस्टमन येवो.

शनिवारी सकाळी मी पिंपातला चुना ढवळला. नीळ टाकली.

जाव बोलली, "वैनी, पोरीला फोन करून विचारायचं का?"

"कशाला? कामात असेल. आली की बघून खूश होईल."

"नाय, म्हणजे, तिने काही सांगितलेलं का असं?"

"तुझ्या लग्नात मांडवाचा चुना कोणी सांगितलेला? झाला ना?"

सुनेने शिडी धरली, मी वरचं मारलं, जावेने खालचं. मैत्रीण आली ती पण पदर खोचून लागली. दीड वाजेपर्यंत भिंत अशी झाली की बघवेना, डोळे दिपायला लागले. आम्ही रस्त्यापलीकडे बसून चहा घेतला, तिच्याकडे बघत. मैत्रीण बोलली, "बाय गो, लग्नघर वाटतंय." मला इतकं बरं वाटलं की मी दुसरा चहा ठेवला.

चार वाजता पोर आली. हातात कागदाची गुंडाळी. वळणावर दिसली, आणि तिथेच उभी राहिली. मला वाटलं उन्हामुळे डोळ्यांवर आलं असेल.

मी लांबून ओरडली, "ये गो ये! तुझं अर्धं काम करून ठेवलंय. आता काढ चित्र!"

ती आली. भिंतीजवळ गेली. हात लावला नाय. खाली बसली, गटाराच्या कडेला, कागद मांडीवर घेऊन.

"आजी," ती बोलली, अगदी हळू, "तेच चित्र होतं."

मी पुरात तांदूळ फुगताना बघितलेत, नवऱ्याला नेताना बघितलंय. पण त्या वेळी ते सगळं मी केलेलं नव्हतं. हे मी माझ्या हाताने केलेलं. जाव माझ्याकडे बघत होती. सांगितलेलं ना, असं ती बोलली नाय, हे तिचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाय. तिने ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलून घेतलं, ते वेगळं.

पोर रडली नाय. हसायला लागली. तोंडावर दोन्ही हात ठेवून हसत होती, आणि ते हसणं ऐकून मला जास्त भीती वाटली.

सून भिंतीजवळ उभी होती. तिच्या बांगडीचा धक्का लागला आणि चुन्याची एक खपली पटकन खाली पडली. तळहाताएवढी. खाली लाल रंग, मघासारखाच.

"आई," सून बोलली, "हा पकडलाच नाय."

मग मला उजेड पडला. चुना मारायच्या आधी भिंत पाण्याने भिजवावी लागते, नाय तर तो धरत नाय, सुकला की खपल्या निघतात. आणि पोरीने दोन महिने आमच्या डोक्यात भरवलेलं, भिंतीला पाणी लावायचं नाय म्हणजे नाय. ते मी पाळलेलं. चुना मारला, पण तिचं ऐकून कोरड्यावर. डिंक पण घातला नव्हता, घरात संपलेला.

पोर उठली. सुरी काढली. एक खपली, दुसरी खपली. पण भिंत वीस पावलं लांब आणि सुरी एक.

"तुम्ही कोणी हात लावू नका, प्लीज," ती बोलली. "खालचं पण निघेल."

तेव्हा जाव पुढे झाली. ती चाळीस वर्षं मासे साफ करते. "पोरी," ती बोलली, "बोयाचे खवले काढताना मी कातडी फाडली असं कोणी दाखवावं. चल, हो बाजूला." आणि तिने कोयतीची बोथट बाजू घेतली, आडवी धरली आणि खालून वर अशी हलकी हलकी नेली. चुना खवल्यासारखा उडाला. खाली छत्रीची दांडी जशीच्या तशी.

पोर बघतच राहिली. "काकी, हे कॉलेजात शिकवत नाय."

"फी किती तुमच्या कॉलेजची? अर्धी मला दे."

मग आम्ही सगळ्या लागलो. सून कालथ्याने, मी शिंपल्याने, मैत्रीण पण तिच्या घरून बोथट सुरी घेऊन आली. सगळ्यांच्या डोक्यावर, भुवयांवर चुना. मैत्रीण बोलली, "आज बरोबर दिसतेस माझ्या वयाची." चुना काढताना पोरीला न दिसलेल्या दोन रेघा पण सापडल्या. एक दाराजवळची. ती मला आठवत होती, पण मी सांगायची राहिलेली. त्या साली पाणी कमी होतं, त्या साली माझं पोरगं दहावी झालेलं, म्हणून पाण्याचं काही वाटलंच नव्हतं.

अंधार पडला तेव्हा तीन भागांतले दोन भाग मोकळे झालेले. तिसऱ्यावर चुना जाड बसलेला. तिथे मीच शिडीवरून दोन हात मारलेले, दिसायला बरं म्हणून. तो निघेना. जोर लावला तर खालचं पण यायला लागलं. पोर बोलली, "राहू दे. बस झालं." ती आमच्याकडेच राहिली. वडिलांना फोन करून सांगितलं, काम चालू आहे. चुन्याचं नाय सांगितलं.

रविवारी सर आले. टक्कल पडलेले, पायात साध्या चपला. बाहेरचे दोघं, त्यातली एक बाई. सरांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. परत आले. पांढऱ्या भागापाशी थांबले.

"हे काय आहे?"

पोरीने तोंड उघडलं. मला माहीत होतं ती काहीतरी मोठ्या शब्दांचं सांगू शकेल, तिला येतं तसं. पण तिने माझ्याकडे बघितलं.

मी बोलली, "मी केलं. पाहुणे येणार म्हणून."

जाव मागून, "मी सांगितलेलं फोन कर!"

मग मी सगळं सांगितलं. पेंटर कसे यायचे, खरवडायचं, चुना, मग चित्र. तिची चूक नाय, तिचं वर्ष जाऊ देऊ नका. हे मी हात जोडून बोलली. सरांनी माझे हात खाली केले आणि विचारलं, "आजी, पाणी सगळ्यात जास्त कधी आलेलं?"

मी छातीच्या उंचीची रेघ दाखवली. जाव बोलली, "छाती? नाकापर्यंत होतं!"

"तुझ्या नाकापर्यंत. तू केवढी, ते बघ."

"वैनी, मी त्या दिवशी पाटावर उभी होती."

"पाट वाहून गेलेला, तू काय त्याच्यावर बसून ठाण्याला गेलीस?"

ती बाई हसायला लागली. आळीतली माणसं जमली. ज्याला त्याला आपापली रेघ आठवायला लागली. आमच्याकडे गुडघा, आमच्याकडे कंबर, आमची म्हैस इथे बांधलेली. मैत्रीण चर्चहून आली ती चांगल्या साडीवरच भिंतीला टेकून मापं दाखवायला लागली. साडीला चुना लागला, त्याचं बोलणं मी अजून ऐकते.

तेवढ्यात गाडी थांबली. तो तीन रंगांचा माणूस उतरला, बरोबर चार पोरं. त्याला कोणी तरी फोन केला असणार. त्याने आपलं नाव एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. लहानपणी माझ्या अंगणात निवट्या पकडायचा तो.

"काकी," तो हसून बोलला, पण हसणं दातातच, "हे काय लावलंय? निवडणूक आली तोंडावर. झाकून टाका ना हे."

"काल झाकलेलं रे. तू उशीर केलास."

सगळी आळी हसली. त्याची पोरं पण हसली, मग त्याच्याकडे बघून गप्प झाली. तो पण शेवटी हसला, काय करणार. पांढरा भाग दाखवून बोलला, "मग हे तरी मला द्या. इथे यंदाचं काढतो."

मी पोरीकडे बघितलं. भिंत माझी, पण देणं-घेणं आता तिचं होतं. ती बोलली, "नाय दादा. हे पण कामात आहे." सर तिच्याकडे वळले. मला वाटलं आता रागावणार.

त्यांनी विचारलं, "कालपर्यंत हे तुझ्या कामात होतं?"

"नव्हतं, सर."

"मग आता हे काम कोणाचं? तुझं की यांचं?"

"अर्धं," ती बोलली. "अर्धं तरी यांचं."

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं. खूप वेळ लिहीत होते. चहा घेतला, चिंबोरीचा रस्सा भाताबरोबर दोनदा घेतला, आणि काही न बोलता गेले. पोरीचं तोंड सुकलेलं. मी तिला बोलली, जेवून गेलेला माणूस नापास करत नाय. पण मला पण झोप लागली नाय पुढचे पंधरा दिवस. दुकानाच्या काउंटरमागे ती झेरॉक्स काढतेय असंच डोळ्यांसमोर यायचं.

सोळाव्या दिवशी फोन आला. ओरडतच होती. पास. पहिल्या नंबरात नाय, तसं काही नाय, पण पास. सरांनी लिहिलेलं म्हणे, की पांढरा भाग काढायचा नाय आणि पुढच्या कामात आधी घरवाल्यांना बसवून विचारायचं.

मी सुनेला बोलली, "बघ, मला पण पास केलं."

त्यानंतर एका रविवारी ती वडिलांना घेऊन आली. साधा माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि भिंतीसमोर उभा राहिला. मी काही समजावलं नाय, मला ते येत पण नाय. तो हळूहळू चालत छातीच्या रेघेपाशी आला, पाठ टेकून उभा राहिला आणि हाताने मोजलं. त्याच्या पोटापर्यंत आली.

"त्या साली आमच्या दुकानात एवढंच होतं," तो बोलला. "नवं मशीन होतं, हप्ता पण सुटलेला नव्हता. मी ते टेबलावर चढवलं, टेबलावर स्टूल, स्टुलावर ते. मग मीच त्याला धरून रात्रभर उभा."

पोर बोलली, "बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाय."

"काय सांगायचं त्यात? नंतर रंग मारला दुकानाला. मला पण आता सांगता येणार नाय कुठवर होतं. इथे उभा राहिलो म्हणून कळलं."

आणि तो तिला दाखवायला लागला, हात कुठे ठेवलेला, स्टूल कसं हलत होतं, पाय कसे बधिर झालेले. ती वहीत लिहीत होती. अर्धा तास बापलेक त्या रेघेपाशीच. मी पेढे घेऊन आत गेली, त्यांचं त्यांना बोलू दिलं.

भिंत अजून उभी आहे. पोर पुढचं शिकायला गेली. यंदा परत पाणी आलं, घोट्याएवढं, ती रेघ मी राहू दिली आहे. पाहुणे आले की हात शिवशिवतात, पण चुन्याचं पिंप आता जावेच्या घरात आहे, ती देत नाय.

हे जे कोण वाचत असतील त्यांना एवढंच सांगायचंय. तुमच्या घरात, दुकानात, जिन्यात कधी पाणी चढलं असेल आणि तुम्ही आता रंग काढणार असाल, तर सगळा काढा, मी नको म्हणत नाय, घर स्वच्छ दिसलं पाहिजे. फक्त एका कोपऱ्यात हातभर जागा रंग न लावता सोडा, आणि ती कसली ते घरातल्या पोरांना एकदा सांगून ठेवा.